गाय ढोलीत झोपते

“काकू, हा पुस्तक घडाघडा वाचतो आणि शाळेतल्या बाई म्हणतात, याला वाचता येत नाही. आता तुम्हीच ऐका.”

ऑगस्टमधला शनिवार होता. नाशिकला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांचं वाचनालय उघडते. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, तीनशेच्या आसपास पुस्तकं. समोर आई उभी, कडेवर २० महिन्यांची मुलगी, शेजारी ६ वर्षं २ महिन्यांचा मुलगा. मुलगा मराठी शाळेत पहिलीला. नावं इथे देत नाही; थोरला आणि धाकटी म्हणते.

थोरल्याने सतरंजीवर फतकल मारली आणि सुरुवात केली. पुस्तक त्यांच्या घरचं, १६ पानांचं, कोपरे चघळून मऊ झालेलं. ‘गाय कुठे झोपते? गाय गोठ्यात झोपते. पोपट कुठे झोपतो? पोपट ढोलीत झोपतो. मांजर कुठे झोपतं? मांजर चुलीपाशी झोपतं.’ असं करत करत शेवटच्या पानावर बाळ, आईच्या कुशीत. हेल काढून, प्रश्नाला प्रश्नाचा सूर लावून त्याने सगळं म्हटलं. आईचा चेहरा फुलला होता.

माझं लक्ष त्याच्या बोटाकडे होतं. तोंड ‘झोपते’वर पोचलं तेव्हा बोट ‘गोठ्यात’च्या ‘गो’वर होतं. पुढच्या पानावर बोट ओळीच्या टोकाला गेलं आणि तोंड मागे राहिलं. दोन पानं तर उलटायच्या आधीच वाचून झाली होती.

मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: पोपट गोठ्यात झोपतो.

“पोपट ढोलीत झोपतो,” तो एका दमात म्हणाला.

“नीट बघून वाच.”

“ढोलीत.” मग जरा थांबून, माझीच कीव आल्यासारखा, “काकू, पोपट ढोलीतच झोपतो.”

बाई बरोबर होत्या. पुस्तकातले शब्द मी एकेक करून कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले, तेव्हा त्याला गाय, बाळ आणि पोपट एवढे तीन ओळखता आले. त्यातला ‘पोपट’ त्याने शेवटच्या ‘ट’वरून ओळखला असावा, कारण ‘सपाट’लाही तो पोपटच म्हणाला.

हे चाललं असताना धाकटी कडेवरून उतरून पुस्तकावर बसली होती. तिने मांजराच्या चित्रावर हात आपटला, “माऊ!” भाऊ सवयीने म्हणाला, “मांजर कुठे...” आणि थांबला. धाकटीने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “झो.”

म्हणजे पुस्तक काम करत होतं, फक्त ज्याच्यासाठी ते आणलं होतं त्याच्यासाठी नव्हे. आई म्हणाली, “मग हे काढूनच टाकू का?” इथे मी चूक केली. “थोरल्याच्या हातून सध्या दूर ठेवा,” असं सांगितलं. पाठ झालेलं पुस्तक हाताशी असेल तर तो अक्षरांकडे बघणारच नाही, असा माझा हिशेब. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. आईचा निरोप आला, म्हणतोय मला वाचता येत नाही ना, मग मी कशाला येऊ. जे पुस्तक हातात घेऊन तो स्वतःला वाचणारा समजत होता तेच मी काढून घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, पुस्तक फळीवरून खाली काढायला लावलं आणि त्याला म्हटलं, हे रोज रात्री धाकटीला तूच वाचून दाखवायचंस. ‘वाचून’ हा शब्द मुद्दाम वापरला.

त्या दिवशी घरी आजी भेटल्या, आणि धाकटीचं कोडं त्यांच्यामुळे उलगडलं. आजी तिला भरवताना चिऊकाऊची गोष्ट सांगत होत्या. काऊ दार वाजवतो, चिऊ आतून म्हणते, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” पुन्हा दार, पुन्हा “थांब, माझ्या बाळाला तीट लावते.” आजी दरवेळी ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणून घास हातात धरून गप्प बसायच्या. धाकटी म्हणायची, “थां!” मग घास. या मुलीला पुनरावृत्तीचं पुस्तक कळत होतं ते पुस्तक पाहण्याच्या आधीपासून. त्या गोष्टीत दर कडव्याला बदलतं ते एवढंच, की बाळाला आता काय करते आहे. आणि जे बदलतं ते बाळाने स्वतःच्या अंगावर त्याच दिवशी अनुभवलेलं असतं. म्हातारी भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निघते तेव्हाही हेच. वाघ येवो नाहीतर कोल्हा, तिचं उत्तर ठरलेलं. आपल्याकडे ही पुस्तकं कागदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

मराठी घरातली बाळभाषाच बघा: भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, मंमं, जोजो, बाऊ, भुर्र. यातले काही शब्द स्वतःच दोनदा म्हटलेले. म्हणून धाकटीसाठी पुस्तक निवडताना मी आधी मोठ्याने वाचते आणि ऐकते, की पालुपदात मुलाच्या जिभेला पकडायला काही आहे का. ‘टुणकन’, ‘धपकन’, ‘लुटुलुटु’, ‘भुर्रकन’ असं काही वाक्याच्या शेवटी आलं तर उत्तम, कारण मूल शेवटचा तुकडा आधी उचलतं. ‘झोपते’ वाक्याच्या शेवटी होतं, म्हणून तिला ‘झो’ मिळाला. हाच शब्द वाक्याच्या मध्ये पुरला असता तर तिने बहुधा नुसतीच चित्रं थोपटली असती. पालुपद लांबलचक असेल, ‘अरे पण मग तो गेला तरी कुठे बरं’ असं चार श्वासांचं, तर आईबाबा तिसऱ्या दिवशी ते गाळायला लागतात.

चित्राबाबतीत तिच्यासाठी नियम सोपा. पानावर एकच गोष्ट, स्वच्छ, आणि जे म्हटलं तेच चित्रात. ‘मांजर’ म्हटलं की मांजर दिसलंच पाहिजे. पानभर बाजार भरवणारी चित्रं पुढे छान, आत्ता नाहीत. झडपा उघडायच्या, ओढायच्या पुस्तकांचं मला फारसं प्रेम नाही. मूल झडपेशी झटापट करतं आणि गोष्ट बाजूला राहते. शिवाय वाचनालयात अशी झडप महिनाभरही टिकत नाही.

वडिलांची तक्रार वेगळीच होती. “रोज तेच पुस्तक. दुसरं दिलं तर फेकते. नवे शब्द कधी शिकणार?” इथे मला आधार होता. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द गोष्टींतून ऐकवले. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द मात्र दोघांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांच्या. धाकटी तिनाची नाही, दोनाचीही नाही, हे मी वडिलांना सांगितलं. पण कारण तिलाही लागू पडावं असं वाटतं: पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलाला नव्या शब्दाकडे बघायला सवड मिळते. वडील म्हणाले, “म्हणजे मलाच शिक्षा.” ते खरंच आहे. म्हणून लहान मुलांच्या पुस्तकाची माझी शेवटची कसोटी अशी, की हे मी स्वतः चाळीस वेळा वाचू शकेन का. गद्याला ताल नसेल तर नाही.

आता थोरला.

त्याचं नेमकं काय अडत होतं? अक्षरं त्याला सुटी सुटी बरीच येत होती. काना, वेलांटी, मात्रा शाळेत झाल्या होत्या. पण त्याच्या हातातलं पुस्तक त्याला ती वापरायची वेळच आणत नव्हतं. चित्र सांगतं पोपट, चित्र सांगतं ढोली, सांगाडा पाठ. डोळ्याला अक्षरावर जायचं कारण काय? धाकटीसाठी जो गुण, चित्राने शब्द लगेच सांगून टाकणं, तोच थोरल्यासाठी अडथळा. अंदाजाने वाचायला लावणाऱ्या पुस्तकांवर इंग्रजी शिकवणाऱ्या देशांत गेली काही वर्षं मोठा वाद चालू आहे. मुलाने चित्रावरून अंदाज न करता अक्षरं वाचून शब्द ओळखावा, हा तिथला मुद्दा आपल्याला पटण्यासारखा आहे, पण त्यासाठी केलेली तिथली पुस्तकं भाषांतर करून आणली तर आपलं काम होत नाही, आणि याचं कारण आपल्या व्याकरणात आहे.

त्याच्याच पुस्तकातल्या जागा बघा. गोठा, पण गोठ्यात. चूल, पण चुलीपाशी, म्हणजे दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. कूस, पण कुशीत. इथे तर स चा श झाला. मूल ज्या शब्दाला ओळखतं तो शब्द वाक्यात येताना वेष बदलून येतो. त्यावर क्रियापद: गाय झोपते, पोपट झोपतो, मांजर झोपतं. मोठ्याला हे एकच पालुपद वाटतं. पहिलीतल्या मुलाला ते तीन शब्द आहेत. थोरला ‘झोपतं’ला चिठ्ठीवर बघून म्हणाला, “झोपतम्.” त्याचं काय चुकलं? शाळेत अं म्हणजे अम् असं शिकवलं होतं, आणि ‘आंबा’त ते चाललंही होतं. ‘झोपतं’मधला टिंब हा नाकातला उच्चार मुळीच नाही, तो शेवटचा अ लांबवायची खूण आहे, हे त्याला कुणी सांगणार? काही पुस्तकं हे टाळायला ‘मांजर झोपते’ असं छापतात. मग घरात कुणीच तसं बोलत नाही ही दुसरी अडचण. मला विचाराल तर छपाईत ‘झोपतं’च हवं, फक्त पहिल्या पुस्तकात नको.

मुलांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक डॉ. स्यूस यांचं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ हे १९६० सालचं पुस्तक फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे, आणि त्यातला एक सोडून बाकी प्रत्येक शब्दात उच्चाराला एकच स्वर. ते पुस्तक पेटीत, घरात, झाडावर फिरतं तरी इंग्रजीत पेटी पेटीच राहते. मराठीत तसं करायला गेलं की पन्नासाचे शंभर होतात. मग आपल्याकडे कुठले शब्द आहेत जे कधी बदलत नाहीत आणि आखूडही आहेत? हा प्रश्न घेऊन मी दोन-तीन दिवस हिंडले, भाजी निवडताना, रिक्षात. उत्तर रिक्षातच मिळालं. मागच्या सीटवरची बाई मुलाला म्हणत होती: बस. बघ. धर. खा. नको, ठेव.

आज्ञा! ये, जा, घे, दे, खा, पी, बस, ऊठ, पळ, बघ, चल. मराठीत एकट्याला सांगायची आज्ञा म्हणजे बहुतेक वेळा नुसता धातू. तिला लिंग नाही, म्हणून मुलाला सांगा, मुलीला सांगा, मांजराला सांगा, शब्द तोच. आणि निर्जीव वस्तू कर्म असली तर तिला ‘ला’ लागत नाही, त्यामुळे तीही वेष बदलत नाही. ‘चहा घे’मधला चहा हा चहाच. आमच्या पिढीने बिनकान्यामात्र्याच्या वाक्यांवर वाचन सुरू केलं त्यात आज्ञा का भरलेल्या असत, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. त्या वाक्यांत अर्थ फारसा नसे, ते सोडा.

घरी जाऊन कोऱ्या कागदांची घडी घातली, मध्ये दोन टाचण्या मारल्या. पुढच्या शनिवारी थोरला आणि मी मिळून पुस्तक केलं. उजव्या पानावर वाक्य, आणि चित्र त्या पानाच्या मागे. म्हणजे आधी वाचायचं, मग उलटून खात्री करायची.

आजी, चहा घे.
आजी, पाव घे.
आजी, टोपी घे.
आजी, काठी घे.

चित्रं त्याची. काठी चित्रात आजीपेक्षा उंच. पाव आणि चहा त्याने अंदाजाने सांगायचा प्रयत्न केला, “आजी, बिस्कीट घे,” पान उलटलं आणि निघाला पाव. त्याला हसू आलं नाही, राग आला. पुढच्या वेळी ‘टोपी’पाशी मात्र तो खरोखर थांबला, ‘टो’ म्हणाला, मग ‘पी’, मग घाईने पान उलटून ओरडला, “टोपीच आहे!” त्या ओरडण्यात जे होतं ते ऑगस्टमधल्या घडाघडा वाचनात नव्हतं. शेवटचं पान काय करायचं असं विचारल्यावर त्याने स्वतः सुचवलं: आजी, मला घे! चित्रात हात वर केलेली धाकटी. चहा घेणं, काठी घेणं आणि मूल घेणं, तिन्हीला एकच ‘घे’. ही कोटी माझ्या डोक्यात आली नव्हती.

पुढचे दोन महिने कपाटातून आणि बाहेरून पुस्तकं निवडताना मी हेच बघत गेले: पालुपदाचे शब्द त्याला येणाऱ्या अक्षरांत बसतात का, आणि बदलणारा शब्द चित्रात आधीच फुटलेला आहे का. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याची पुस्तकं फुकट मिळतात, मराठीतही. त्यांना पायऱ्या लावलेल्या असतात. पहिली पायरी म्हणजे सोपे शब्द, पुनरावृत्ती, २५० पर्यंत शब्द. सोय मोठी आहे, पण पायरी बघून पुस्तक उचलू नये. पहिल्याच पानावर ‘स्वयंपाकघरात’ भेटल्याचा मला अनुभव आहे. एखादं पुस्तक फक्त एका शब्दापायी बाद करणंही वेडेपणाच. तो शब्द आपण वाचावा, बाकीचे मुलाने.

पुस्तकाची बांधणीही बघावी लागली. वाक्य चित्राच्या झाडाझुडपांवर छापलेलं नको. प्रत्येक पानावर ते एकाच जागी हवं. ‘चुलीपाशी’सारखा शब्द ओळ संपली म्हणून मध्ये तोडलेला नको. आणि काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. शाळेत मराठी वळण गिरवलेलं मूल ‘लाल’पाशी अडतं आणि आपल्याला कळत नाही का अडलं. एक पुस्तक या ‘ल’पायी दोनदा परत गेलं. तिसऱ्यांदा थोरल्याने मला सांगितलं, “हा ल झोपलाय.” मग ते घेऊन गेला.

झोपते, झोपतो, झोपतं नोव्हेंबरमध्ये घेतलं, आणि त्यासाठी जुनं गोठ्याचं पुस्तकच वापरलं. त्याला आता सांगाडा पाठ असल्याचा उपयोग झाला. मी चिठ्ठ्यांवर वाक्यं उलटीपालटी करून लिहीत गेले. गाय ढोलीत झोपते. पोपट चुलीपाशी झोपतो. मांजर गोठ्यात झोपतं. नियम एकच, हसू आलं तर वाचलं. ‘गाय ढोलीत’ला तो आधी काहीच बोलला नाही. ओठ हलले, भुवया वर गेल्या आणि मग तो सतरंजीवर आडवा पडला. मग त्याने स्वतः एक लिहिलं: काकू गोठ्यात झोपतो. मी म्हटलं, “झोपतो?” त्याने विचार करून ‘तो’चा काना खोडला. गोठा तसाच ठेवला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जोडाक्षरं अजून डोंगर आहेत, ‘घ’ आणि ‘ध’ गळ्यात गळा घालून फिरतात, आणि शाळेतल्या बाईंना हवं तेवढं वेगाने तो अजूनही वाचत नाही. आईला मी सांगितलंय, वेगाचं मार्चनंतर बघू.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नवी पुस्तकं आली होती. थोरल्याने ढिगातून न बघितलेलं एक ओढलं आणि भिंतीला टेकून बसला. पहिलं पान उघडलं, चित्रावर डावा पंजा पसरून ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने ओळ सुरू केली. धाकटी रांगत जवळ आली, त्याच्या मांडीवर चढली. तिने आधी त्याचं एक बोट उचललं, मग दुसरं. शेपटी दिसली.

“थांब गं,” तो म्हणाला, “माझं वाचून होऊ दे.”

“माऊ,” ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी त्याचा पंजा ओढायला लागली.